सूर्यास्तापूर्वीची सारसबाग

वैशाखातील पुण्याची दुपार भल्याभल्यांना गप्प बसवते. पारा चाळिशीच्या घरात जातो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल पोत्यांच्या थप्पीआड सावली शोधतात, गाळ्यांतील पंखे गरम हवाच इकडची तिकडे करतात आणि गिऱ्हाइकाशी भाव बोलायलाही कोणाला उत्साह उरत नाही. पाच वाजून गेले की मात्र वारा फिरतो. पश्चिमेकडून, घाटमाथा ओलांडून येणारी झुळूक शहरात शिरते आणि तापलेल्या भिंती हळूहळू निवू लागतात. नेमक्या याच सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या सारसबागेच्या फाटकातून माणसांचा ओघ आत वळू लागतो.

हातात हात धरून चाललेले वृद्ध जोडपे, परीक्षा संपल्याच्या आनंदात धावणारी मुले, लग्नसराईसाठी गावाहून आलेले पाहुणे, दिवसभर घरात कोंडलेल्या सुना, पांढरे बूट घालून नेमाने फेऱ्या मारणारे निवृत्त गृहस्थ, असे सगळे पुणे तेथे एकत्र येते. सुमारे पंचवीस एकरांच्या या हिरव्या विस्तारात कोणाला कोणाची ओळख विचारावी लागत नाही.

या गर्दीत व्यापारी घरांतील कर्ता पुरुष मात्र क्वचितच दिसतो. संध्याकाळ ही धंद्याची वेळ. उगराणीचे फोन, दुसऱ्या दिवसाच्या मालाची नोंद, गल्ल्याचा मेळ ही सारी कामे याच तासांत येतात. त्यामुळे दुकानापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेली बाग वर्षानुवर्षे दूरच राहते. गुलटेकडी परिसरातील एका किराणा-भुसार व्यापाऱ्याच्या कुटुंबाने गेल्या उन्हाळ्यात हे अंतर कसे कापले, त्याची ही हकिकत आहे. त्यात असाधारण असे काही घडले नाही. तरीही त्या घरात पुष्कळ काही बदलले.

एका घरातली दोन घड्याळे

या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात. घरातील सर्वांत वडील असलेल्या बाऊजींनी वयाच्या पंचाहत्तरीला दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या. पुढे वर्षभरातच त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतर बाऊजी सकाळी स्थानकात जात, दुपारी वर्तमानपत्र वाचत आणि संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहत. त्यांचा चौविहार लहानपणापासूनचा. सूर्यास्तापूर्वी जेवण, मग प्रतिक्रमण आणि आठ-साडेआठला अंथरूण. मुलगा दुकान बंद करून घरी येई तो नऊ वाजता. एकाच छताखाली राहणाऱ्या बापलेकांची आठवडाभर धड भेट होत नसे.

भेट टळत होती, याला आणखी एक कारण होते. कुटुंबाची मूळ पेढी भवानी पेठेतली. घाऊक बाजार गुलटेकडीला हलला तेव्हा बाऊजींनी नवा गाळा घेतला, पण पेठेतले जुने दुकान सोडले नाही. आता त्या वाड्याचा पुनर्विकास व्हायचा होता. बाकीच्या भाडेकरूंनी होकार दिला होता. कागदावर बाऊजींची सही हवी होती. मुलाने विषय काढला, बाऊजी काही बोलले नाहीत. मुलाने पुन्हा काढला, बाऊजी उठून आत गेले. तेव्हापासून घरात त्या दुकानाचे नाव निघेनासे झाले. जेवणाच्या ताटावर भाजीत मीठ कमी की जास्त एवढेच बोलणे उरले.

वाट सुनेने काढली. एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी लागली तेव्हा तिने नवऱ्याला सांगितले, ‘‘आठवड्यातून एक दिवस साडेपाचला दुकानातून निघा. बुधवारी. मुनीमजी आहेत तिथे. डबा मी करते. बाऊजींना घेऊन सारसबागेत जाऊ आणि सूर्य मावळायच्या आत सगळे एकत्र जेवू.’’ मुलाने व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे आधी नुकसानीचा अंदाज घेतला. बुधवारी संध्याकाळी दोन-चार गिऱ्हाइके परत जातील, एखादी उगराणी लांबेल. मग त्याने विचारले, ‘‘बाऊजी येतील?’’ तिने उत्तर दिले, ‘‘विचारले तर नाही म्हणतील. म्हणून विचारायचे नाही. चप्पल पुढे ठेवायची.’’

पाण्यावरची बाग

सारसबागेत पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथल्या गणपतीचे नाव कोड्यात टाकते. देऊळ बागेच्या मध्यभागी उंचवट्यावर आहे, सभोवती हिरवळ आहे, तरी सारे पुणे त्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणते. हे कोडे पेशवाईत उलगडते.

नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. त्यानंतर टेकडीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून एक विस्तीर्ण तळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम रेंगाळले, तेव्हा पर्वतीकडे निघालेले पेशवे अंबारीतून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले, अशी आख्यायिका आहे. धन्याच्या हातात दगड पाहिल्यावर बरोबरचे सरदार मागे राहणे शक्यच नव्हते. तळ्याच्या मध्यभागी एक बेट राखले होते. त्या बेटावर बाग फुलवली गेली आणि तिला सारसबाग हे नाव मिळाले. पेशवे नावेतून या तळ्यात विहार करीत आणि महत्त्वाच्या मसलतीही नावेतच करीत, असे सांगतात. त्या वेळी वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवले जात, म्हणजे बोलणे पाण्याबाहेर जात नसे.

ज्या नानासाहेबांनी ही रम्य जागा निर्माण केली, त्यांचा शेवटही इथून जवळच झाला. पानिपतच्या पराभवानंतर खचलेले नानासाहेब जून 1761 मध्ये पर्वतीवरच निवर्तले. पुढे 1784 मध्ये, सवाई माधवराव अवघे दहा वर्षांचे असताना, तळ्यातल्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. तोच हा तळ्यातला गणपती.

कालांतराने तळे राहिले नाही. पाण्याची जागा जमिनीने घेतली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महापालिकेने तेथे आजची बाग विकसित केली. आज माणसे ज्या हिरवळीवर बसतात, तेथे एके काळी नावा चालत होत्या. देवळाभोवतीची कमळांची कुंडे त्या पाण्याची आठवण राखून आहेत. हिवाळ्यात या गणपतीला लोकरीचा स्वेटर घालतात, हे पुण्याच्या लहान मुलांना इतिहासापेक्षा अधिक ठाऊक असते.

बागेला लागून पेशवे पार्क आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीच्या आठवणीत ते प्राणिसंग्रहालय म्हणून कोरलेले आहे. 1956 मध्ये सुरू झालेली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी आणि पिंजऱ्यातला वाघ पाहण्यासाठी तेव्हा गावोगावची मुले हट्ट धरीत. पुढे प्राणी कात्रजला हलवले गेले. ‘‘तुझ्या वडिलांनी इथल्या फुलराणीत बसण्यासाठी रडून आकाश डोक्यावर घेतले होते,’’ असे बाऊजींनी पहिल्याच बुधवारी नातीला सांगितले, तेव्हा घरातल्या सर्वांना बऱ्याच महिन्यांनी त्यांचे लांबलचक वाक्य ऐकू आले.

डबा आणि सूर्य

चौविहार पाळणाऱ्या घराला बागेची सहल आखताना सूर्याचे वेळापत्रक पाहावे लागते. पुण्यात एप्रिलच्या आरंभी सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, मेच्या मध्यावर सातच्या सुमारास आणि जूनच्या मध्यावर सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा अशी सहल जवळजवळ अशक्य होते. म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाला बागेची संध्याकाळ खऱ्या अर्थाने देणारा ऋतू एकच, तो म्हणजे उन्हाळा. ज्या ऋतूला सारे जण नावे ठेवतात, तोच एक जादा तास पदरात टाकतो.

साडेपाचला निघून सहापर्यंत बागेत पोहोचायचे, एक फेरी मारायची, साडेसहाला डबा उघडायचा आणि सूर्य मावळण्याआधी पाणी पिऊन पच्चक्खाण घ्यायचे, असा क्रम ठरला. डब्यात मेथीच्या पुऱ्या, खाखरे, केर-सांगरी, कैरीची लुंजी आणि एखाद्या दिवशी आमरस. आर्द्रा नक्षत्र लागले की या घरात आंबा बंद होतो, त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच आंब्याचे लाड. पाणी उकळून गार केलेले, स्टीलच्या थर्मासात. बाऊजी बाहेर कोठेही गेले तरी ताट धुऊन पितात. बागेतही त्यांनी आपली ताटली धुऊन ते पाणी पिऊन टाकले. नातवाने आधी नाक मुरडले. मग आजूबाजूला टाकलेल्या कागदी द्रोणांवर मुंग्यांची रांग लागलेली त्याला दिसली आणि आपली जागा तेवढी स्वच्छ असल्याचे त्याच्या लक्षात आले. पुढच्या बुधवारी त्याने न सांगता आपली ताटली धुतली.

सारसबाग म्हटली की बाहेरची खाऊगल्ली आठवतेच. पावभाजीच्या तव्यावरचा खडखडाट, भेळेच्या चिंचेचा वास, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळातले घुंगरू, सारे मुलांना बोलावत असते. हल्ली ‘जैन पावभाजी’ची पाटीही पुष्कळ ठिकाणी दिसते. कांदा-लसूण वर्ज्य आणि बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेली. पण बटाटा टाळला तरी सूर्य थांबत नाही. मुलांचा पहिल्या दिवशी विरस झाला. तेव्हा सुनेने व्यवहारी तोडगा काढला. बागेत शिरण्याआधी, सहाच्या ठोक्याला, मुलांनी बाहेर जे हवे ते एकच काही घ्यायचे, मग आत डबा. कोणावर सक्ती नाही, कोणाची फसवणूक नाही आणि आजोबांपुढे चोरून खाण्याची वेळही नाही.

वाट असेल तर वाटेने

बागेतील हिरवळीवर सतरंजी टाकून बसणे ही पुणेकरांची आवडती रीत. बाऊजी मात्र फरसबंद वाटेच्या कडेला असलेल्या बाकावरच बसले. सहावीत गेलेल्या नातीने कारण विचारले, तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. संध्याकाळी पाणी मारलेल्या गवताकडे बोट दाखवून त्यांनी तिला खाली वाकून पाहायला सांगितले. गवताच्या पात्यांवर नखाएवढे नाकतोडे, पंखांवर ठिपके असलेले बारीक किडे, मुंग्या आणि मातीत हलणारे गांडूळ होते. ‘‘आपण बसलो तर यांनी कुठे जायचे?’’ एवढेच ते म्हणाले.

वनस्पतीला जीव असतो, हा विचार आचारांग सूत्राइतका जुना आहे. चालताना नजर पुढच्या साडेतीन हातांच्या जमिनीवर ठेवावी, या ईर्यासमितीच्या शिकवणीची सवय ज्येष्ठांच्या पावलांत मुरलेली असते. इरियावहीच्या पाठात, जाता-येता हिरवळ तुडवली गेली असेल तर त्याचीही क्षमा मागितली जाते. मुले तो पाठ पाठशाळेत घोकतात. त्यातले शब्द एखाद्या बागेत डोळ्यांसमोर उभे राहिले तर ते विसरत नाहीत. नातीने त्या दिवसापासून बागेत वाटेनेच चालायचे ठरवले. धाकटा नातू मात्र चेंडूमागे हिरवळीवर धावतच राहिला आणि कोणी त्याला रागावले नाही.

उद्यानाचे हे नाते जुनेच आहे. आगमांतील कथांमध्ये नगराचे वर्णन आले की पाठोपाठ नगराबाहेरच्या उद्यानाचे किंवा चैत्याचे वर्णन येते. राजगृहाजवळचे गुणशील, चंपेजवळचे पूर्णभद्र ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. राजापासून गाथापतीपर्यंत सारे धर्मश्रवणासाठी तेथेच जमत. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले तेही उन्हाळ्यातल्या एका उतरत्या दुपारी, वैशाख शुद्ध दशमीच्या चौथ्या प्रहरी, ऋजुवालुका नदीच्या काठी, शालवृक्षाजवळ.

मेच्या अखेरीस एके दिवशी दुपारी वळीव कोसळला. संध्याकाळी बाग न्हाऊन निघाली होती आणि मातीचा वास दरवळत होता. त्या दिवशी निघायला थोडा उशीर झाला. दिवे लागले आणि पाहता पाहता प्रत्येक दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे घिरट्या घालू लागले. पहिल्या पावसानंतर वाळवीचे हे पंखधारी किडे वारुळातून बाहेर पडतात आणि उजेडाकडे झेपावतात. खाऊगल्लीतल्या गाड्यांवरच्या दिव्यांखाली, तव्याच्या कडेला, चटणीच्या भांड्यांवर त्यांचे पंख गळून पडत होते. गाडीवाले घाईघाईने भांडी झाकत होते. नातीने ते पाहिले आणि आजोबांचा हात घट्ट धरून म्हणाली, ‘‘दादाजी, म्हणून रात्री जेवायचे नाही?’’ बाऊजींनी मान डोलावली. विजेचे दिवे नव्हते, त्या काळी दिवटीच्या उजेडात जेवणाऱ्यांनी हेच पाहिले असणार.

बाकावरची पेढी

सारसबागेच्या बाकांवर संध्याकाळी ज्येष्ठांची बैठक भरते. कापडबाजारातले, भांडीवाले, सराफ, भुसारवाले असे वेगवेगळ्या व्यवसायांतून निवृत्त झालेले गृहस्थ ठरलेल्या बाकावर ठरलेल्या वेळी येतात. पावसाचा अंदाज, डाळींचे भाव, कोणाच्या घरी वर्षीतपाचे पारणे झाले, कोणाचा नातू सीए झाला, सारे विषय तेथे निघतात. ज्यांनी चाळीस वर्षे दररोज शेकडो माणसांशी बोलण्यात घालवली, त्यांना निवृत्तीनंतर सर्वाधिक उणीव भासते ती या बोलण्याची. पैशाची व्यवस्था मुले करतात, औषधांची सुना करतात, पण ‘काय म्हणतो बाजार?’ असे विचारणारे कोणी घरात नसते.

दुसऱ्या बुधवारी बाऊजींना भवानी पेठेतला एक जुना शेजारी तेथे भेटला. दोघांनी एकमेकांना ओळखायला क्षणभर वेळ लावला आणि मग तासभर बोलत राहिले. जुनी गल्ली, बैलगाड्यांची रांग, माल उतरवताना होणारी भांडणे, दिवाळीचे वहीपूजन. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याने कधी ऐकल्या नव्हत्या. आपल्या वडिलांनी पहिली दोन वर्षे त्याच दुकानाच्या माळ्यावर झोपून काढली होती, हे त्याला त्या दिवशी कळले. ‘पडीक जागा’ असे तो ज्या दुकानाला म्हणत असे, ते त्याच्या वडिलांचे पहिले घर होते.

त्या दिवशी त्याने सहीचा विषय काढला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. चौथ्या बुधवारी मात्र बाऊजींनीच तो काढला. जेवण झाले होते. देवळाच्या पायऱ्यांवरून गर्दी खाली उतरत होती. बाऊजी कमळांच्या कुंडाकडे पाहत म्हणाले, ‘‘इथे तळे होते. आम्ही आलो तेव्हाही नव्हते. पण लोक अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात.’’ मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने बाऊजी पुन्हा म्हणाले, ‘‘पेढीचे नाव बदलू नकोस. आणि तो पितळी तराजू भंगारात देऊ नकोस. कागद घेऊन ये.’’

मुलाने ‘हो, बाऊजी’ एवढेच म्हटले. मग बराच वेळ दोघे गप्प बसून होते. हे मौन गॅलरीतल्या खुर्चीतले नव्हते.

घरगुती प्रश्न घरातच सुटावेत, असे सारे म्हणतात. पण घराच्या भिंतींना जुन्या बोलण्याची सवय झालेली असते. जेवणाच्या टेबलावर जागा ठरलेल्या, आवाज ठरलेले, उत्तरेही ठरलेली. बागेत माणसे समोरासमोर बसत नाहीत, एका बाजूला बसून एकाच दिशेने पाहतात. समोर मुले खेळत असतात, फुगेवाला जातो, कोणाचे तरी हसणे ऐकू येते. अवघड वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबायला अशा ठिकाणी निमित्त सापडते. शिवाय तेथे कोणी मालक नसतो. घर बाऊजींचे, दुकान आता मुलाचे, स्वयंपाकघर सुनेचे. बाक मात्र कोणाचाच नसतो. जो आधी येईल त्याचा, आणि उठल्यावर दुसऱ्याचा. अपरिग्रहावर व्याख्यान ऐकलेल्या मुलांना ही गोष्ट बागेतल्या झोपाळ्यापुढच्या रांगेत अधिक चांगली समजते.

जाणाऱ्यांसाठी थोडे

सारसबागेत सहकुटुंब जाणाऱ्यांनी दिवस विचारपूर्वक निवडावा. मंगळवारी आणि चतुर्थीला दर्शनाची गर्दी असते, अंगारकीला तर बागेच्या बाहेरपर्यंत रांगा लागतात. रविवारी सारे शहर लोटते. ज्येष्ठांना बरोबर न्यायचे असेल तर मधला एखादा साधा वार बरा. वाहन लावायला जागा मिळणे संध्याकाळी कठीण जाते. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत येते आणि तेथून बाग जवळ आहे, त्यामुळे दूरच्या उपनगरांतील कुटुंबांचीही सोय झाली आहे.

गुडघे दुखणाऱ्यांनी देवळाच्या पायऱ्यांची घाई करू नये. खालच्या सपाट वाटांवरूनही बागेची पूर्ण फेरी होते. ज्यांना बसल्या जागी एक सामायिक करायची सवय आहे, त्यांना तेवढाच म्हणजे 48 मिनिटांचा वेळ चालण्यासाठीही काढता येईल. मध्ये दोनदा बाकावर टेकावे. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढण्याचा उत्साह तरुणांनी दाखवावा, कारण वरून सारा परिसर एका नजरेत दिसतो आणि तळे कोठपर्यंत असेल याची कल्पना करता येते.

डबा घरचा, भांडी स्टीलची आणि परत नेण्याची पिशवी बरोबर असावी. मुलांना सांगावे की बागेतील फूल तोडायचे नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यातील रस्तोरस्ती गुलमोहर, बहावा आणि तामण फुललेले असतात. त्यांची खाली पडलेली फुले वेचण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो. मोबाइल पिशवीत राहिला तर उत्तम. मालाच्या चौकशीचा फोन एक तासाने केला तरी बाजार बंद पडत नाही, हे या व्यापाऱ्याला चार बुधवारांनंतर कळले. हिशेबाला बसल्यावर त्याने बुधवारची विक्री इतर वारांशी ताडून पाहिली. फरक होता, पण त्याने मनात धरला होता तेवढा नव्हता. पुढे त्याने ती तुलना करणेच सोडून दिले.

शाळा उघडण्याआधी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांची सुट्टी संपत आली. आकाशात ढग दाटू लागले. भवानी पेठेच्या दुकानाचे कागद पुरे झाले होते. पितळी तराजू घरी आला होता आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटाऐवजी बाऊजींच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला होता. नातू त्यात एका पारड्यात चेंडू आणि दुसऱ्यात आजोबांचा चष्मा ठेवून वजन करी.

सुट्टीतल्या शेवटच्या बुधवारी सारे नेहमीच्या बाकावर बसले. पुऱ्या संपल्या, कैरीची लुंजी संपली, थर्मास रिकामा झाला. पश्चिमेला ढगांच्या कडा तांबूस झाल्या. बाऊजींनी हात जोडून पच्चक्खाण घेतले. नातीने त्यांच्याकडे पाहिले आणि तिनेही हात जोडले. त्या दिवसापुरते का होईना, तिने आपणहून घेतलेला तो पहिला चौविहार होता. कोणी तिचे कौतुक केले नाही, कारण कौतुक केले असते तर ती लाजली असती.

निघताना मुलगा म्हणाला, ‘‘आता शाळा सुरू होतील, पाऊसही लागेल. बुधवार जमेलच असे नाही.’’ सुनेने डबे पिशवीत भरले. बाऊजी काठी टेकत चार पावले पुढे गेले आणि थांबले. मागे न वळता त्यांनी विचारले,

‘‘पाऊस नसला, तर शुक्रवारी येऊ या का?’’